चारशे फुटांची चढण

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील इथाका हे गाव मुळात दुमजली आहे, ही गोष्ट नकाशावरून ध्यानात येत नाही. नकाशावर दिसते ते एवढेच, की केयुगा नावाच्या लांबट सरोवराच्या दक्षिण टोकाशी सुमारे ३२,००० वस्तीचे एक गाव आहे, त्याच्या पूर्वेस कॉर्नेल विद्यापीठ आणि दक्षिणेस इथाका कॉलेज आहे, आणि भोवती टेकड्या व शेते पसरलेली आहेत. परंतु पायी हिंडणाऱ्यास पहिल्या अर्ध्या तासातच कळून येते, की बाजारपेठ, कचेऱ्या आणि जुनी लाकडी घरे सरोवराच्या पातळीवरील सपाटीवर आहेत, विद्यापीठ मात्र तेथून सुमारे चारशे फूट उंच टेकडीवर आहे. आणि या दोहोंना सांधणारी वाट म्हणजे एकतर छाती भरून आणणारा खडा रस्ता, नाहीतर पाण्याने कातळात कोरलेली घळ. या चारशे फुटांच्या फरकातूनच येथील निसर्गाचे वैभव निर्माण झाले. गिरण्या आणि विद्यापीठ यांची जागा त्यानेच ठरवली. आणि ऐन उन्हाळ्यात प्रयोगशाळा थंड राखण्याची आजची युक्तीही त्याच्याच आधाराने चालते.

मे महिन्याच्या अखेरीस विद्यापीठाचा पदवीदान समारंभ असतो. जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या पालकांनी त्या दिवसांत गाव भरून जाते, आणि त्यांत पुण्या-मुंबईकडची मंडळीही असतात. उतरण्याच्या जागेपासून मोटारीने टेकडीवर जावे, मनोऱ्यासमोर छायाचित्रे काढावीत, पुलावरून घळीत डोकावावे आणि दुसऱ्या दिवशी नायगारा गाठावा, असा बहुतेकांचा क्रम असतो. त्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की नायगारा एक दिवस पुढे ढकलावा, मोटार खालीच ठेवावी, पायांत घट्ट पकड असलेले बूट घालावेत आणि सकाळी लवकर कॅस्केडिला ओढ्याच्या काठाने चढू लागावे. भर बाजारपेठेपासून ही वाट अगदी जवळ सुरू होते, आणि तिच्या पहिल्या वळणानंतर आपण गावात आहोत याची खूणही उरत नाही.

दोन्ही बाजूंना ओलसर कातळाच्या भिंती उभ्या राहतात. त्या भिंतींपाशी क्षणभर थांबून हात लावून पाहावा. सह्याद्रीचा काळा, एकसंध बेसाल्ट पाहण्यास सरावलेल्या डोळ्यांना हा खडक अगदी निराळा वाटतो, कारण तो जुन्या दफ्तरातील कागदांच्या चळतीसारखा आडव्या थरांचा बनलेला आहे. एक थर बोटभर जाडीच्या कठीण वालुकाश्माचा, त्याखालचा नखाने खरवडला तरी पापुद्रे सुटणाऱ्या ठिसूळ शेलचा, पुन्हा एक कठीण, पुन्हा एक ठिसूळ, अशी ही रचना डोक्याच्या वरपर्यंत गेलेली दिसते. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश समुद्राचा तळ होता आणि पूर्वेकडील पर्वतांवरून वाहून आलेली रेती व गाळ त्या तळावर थरांथरांनी साचत होता. एखाद्या सुट्या फरशीवर बारीक लाटांच्या रेघा उमटलेल्या आढळतात, त्या पाण्याच्या हेलकाव्याने त्या काळी ओल्या गाळावर उमटल्या आणि तशाच दगड होऊन राहिल्या. पाणी ठिसूळ थर लवकर झिजवते आणि कठीण थर पुढे येऊन पायरीसारखा राहतो, म्हणून येथील ओढे एकाच उडीत न कोसळता जिना उतरावा तसे उतरतात. खडकांत उभ्या, सरळ रेषेत गेलेल्या आणि एकमेकींना जवळजवळ काटकोनात छेदणाऱ्या भेगाही आहेत; कडे कोसळताना या भेगांवरूनच सुटतात, आणि म्हणून घळीच्या भिंती गवंड्याने ओळंबा लावून रचल्याप्रमाणे सरळ दिसतात. भेगांतून बाराही महिने पाणी पाझरते आणि त्या ओलीवर नेचे व शेवाळ वाढते.

आता ही घळ येथे का पडली, हा प्रश्न. याचे उत्तर सरोवराच्या जन्मात आहे. या मुलुखातून पूर्वी उत्तर-दक्षिण दिशेने जाणाऱ्या नद्यांची खोरी होती. हिमयुगात उत्तरेकडून प्रचंड जाडीचा बर्फाचा थर सरकत आला, तेव्हा तो या तयार खोऱ्यांत शिरला आणि त्याने त्यांचा तळ खरवडून खोल केला. आडव्या बाजूंनी येऊन मिळणाऱ्या लहान ओढ्यांची खोरी त्याच्या वाटेत आडवी पडत असल्याने तेवढी खोल झाली नाहीत. दहा-बारा हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी बर्फ मागे हटला, मुख्य खोऱ्यांत पाणी साठून अकरा लांबट सरोवरे तयार झाली, आणि हाताची बोटे पसरावीत तशी ती दिसतात म्हणून त्यांना ‘फिंगर लेक्स’ हे नाव मिळाले. लहान ओढे मात्र मुख्य खोऱ्याच्या भिंतीवर अधांतरी राहिले. ज्या पातळीवर पूर्वी ते शांतपणे नदीला मिळत होते, तेथे आता एकदम शेकडो फुटांचा कडा होता, आणि त्यावरून खाली येण्यासाठी त्यांनी कातळ कापावयास आरंभ केला. ते काम अजून चालू आहे. भूगोलाच्या पुस्तकात ‘लोंबती दरी’ म्हणून जी आकृती असते, तिच्यावरून आपण येथे प्रत्यक्ष चढत असतो.

केयुगा हे त्या अकरा सरोवरांतील सर्वांत लांब, सुमारे ६१ किलोमीटरचे. रुंदी मात्र सरासरी तीन किलोमीटरही नाही. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीहून ३८२ फूट उंच आणि सर्वाधिक खोली ४३५ फूट, म्हणजे समुद्रापासून इतक्या दूरच्या या गोड्या पाण्याचा तळ समुद्रसपाटीच्या पन्नासएक फूट खाली गेलेला आहे. ही वजाबाकी मी प्रथम केली तेव्हा आकडे चुकले असतील असे वाटून पुन्हा करून पाहिली. आणि तळाखाली तरी गोष्ट कोठे संपते? जमिनीच्या पातळीपासून दोन हजार फुटांहून अधिक खोलीवर आणखी एका प्राचीन समुद्राने मागे ठेवलेला मिठाचा थर आहे, आणि लान्सिंग येथील खाणीतून सरोवराखाली पसरलेल्या बोगद्यांमधून ते मीठ काढले जाते. हे मीठ जेवणाचे नव्हे; हिवाळ्यात रस्त्यांवरचे बर्फ वितळविण्यासाठी ते टाकतात, आणि अशा खड्या चढणीच्या मुलुखात त्याची निकड काय असते हे निराळे सांगावयास नको.

या काठावर पूर्वी राहणारे लोक केयुगा. हॉदेनोसौनी या राष्ट्रसंघातील एक राष्ट्र. सरोवरास त्यांचेच नाव आहे. मका, घेवडा आणि भोपळा यांची शेती ते करीत, आणि पूर्वकिनाऱ्यावर त्यांच्या पीचच्या मोठ्या बागा होत्या. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात १७७९ साली जनरल सलिव्हन यांच्या फौजेने या प्रदेशातील गावे जाळली, उभी पिके नष्ट केली आणि फळझाडेही तोडली; आजच्या इथाकेच्या दक्षिणेस कोरिऑर्गोनेल नावाचे टुटेलो लोकांचे गाव होते, तेही त्याच वर्षी सप्टेंबरात भस्मसात झाले. त्यानंतर राज्याने हा मुलूख मोजून त्याचे ६०० एकरांचे तुकडे पाडले आणि पगाराच्या व बक्षिसाच्या बदली ते सैनिकांना इनाम म्हणून दिले. मोजणीच्या दफ्तरात नव्या तालुक्यांना ग्रीक-रोमन नावे घातली गेली, त्यांपैकी एकाचे नाव युलिसीस, आणि त्याच्या हद्दीत सरोवराच्या टोकाशी जे गाव वसू लागले त्याला राज्याचे मोजणी-प्रमुख सिमियन डेविट यांनी युलिसीसच्या बेटाचे, म्हणजे इथाका हे नाव दिले. अशा रीतीने ज्यांची जमीन, त्यांचे नाव सरोवराकडे राहिले, आणि गावाकडे समुद्रापलीकडचे एक नाव आले. तळ्याकाठच्या बाकावर बसून हा निळा देखावा पाहताना, त्या तोडलेल्या बागांची आठवण मला तरी टाळता येत नाही.

ओढ्याच्या उतारावर पाणचक्क्या बसविणे ही पुढची पायरी अटळच होती. १८२८ साली एझ्रा कॉर्नेल नावाचा एक तरुण सुतार कामाच्या शोधात येथे आला आणि गावाच्या उत्तर अंगाने वाहणाऱ्या फॉल क्रीक या ओढ्यावरच्या गिरणीत यंत्रांचे काम पाहू लागला. गिरणीला पाणी नेणारा लाकडी पाट कड्याच्या कडेने बांधलेला होता आणि तो वारंवार मोडे. कॉर्नेल यांनी कातळातूनच सुरुंगांनी बोगदा काढून पाणी आणले. पुढे १८३८ साली त्याच ओढ्यावर बांध घातला, त्यामागे साठलेले बीबी तळे आज विद्यापीठाच्या आवारात आहे आणि विद्यार्थी त्याच्या काठाने फिरावयास जातात. मंदीच्या काळात गिरणीचा धंदा बसला, तेव्हा नांगराचे हक्क विकीत ते गावोगाव हिंडले, आणि त्या नांगराच्याच ज्ञानावरून मोर्स यांच्या तारायंत्राची तार जमिनीत पुरण्याचे यंत्र त्यांनी तयार केले. पुरलेली तार निकामी ठरली. तेव्हा खांब रोवून त्यांवरून तार नेण्याचा मार्ग पत्करावा लागला, आणि १८४४ साली वॉशिंग्टन व बाल्टिमोर यांच्यामध्ये तारायंत्र सुरू झाले. तारायंत्राच्या कंपन्यांतील भांडवलाने कॉर्नेल अतिशय श्रीमंत झाले. राज्याच्या विधिमंडळात त्यांची गाठ अँड्र्यू डिक्सन व्हाइट या इतिहासाच्या अध्यापकाशी पडली; कृषी व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठी केंद्रसरकारने १८६२ च्या कायद्याने राज्यांना जमिनीचे जे हक्क दिले होते, ते विखरू न देता एकाच संस्थेच्या पदरी घालावेत असे दोघांनी ठरविले; आणि १८६५ साली विद्यापीठाची सनद मिळाली. कॉर्नेल यांनी पाच लाख डॉलर आणि टेकडीवरची आपली शेती दिली. विद्यापीठ उंचावर का, तर दात्याचे शेत उंचावर होते म्हणून. पण दोन घळींच्या मधल्या त्या पठारावर उभे राहून एकदा पश्चिमेकडे खालचे गाव आणि उजवीकडे दूरवर गेलेले पाणी पाहिले, की या जागेची निवड कोणी केली हे विचारण्याची इच्छाच राहत नाही.

शिक्षणाचा जो संकल्प या संस्थेने केला तो त्या काळी धाडसाचा होता. कोणाही व्यक्तीस कोणत्याही विषयाचे शिक्षण मिळावे, ग्रीक-लॅटिन आणि पशुवैद्यक यांची पंगत एकच असावी, आणि संस्था कोणत्याही धर्मपंथाच्या अमलाखाली नसावी, हे संस्थापकांचे म्हणणे होते. १८७० पासून स्त्रियांना प्रवेश मिळाला. मुंबईचे रतन टाटा यांनी १९६२ साली येथून वास्तुविद्येची पदवी घेतली, आणि २००८ मध्ये टाटांच्या न्यासाने भारतीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या व शेती-पोषणविषयक संशोधन यांसाठी विद्यापीठाला पाच कोटी डॉलर दिले. खगोलशास्त्राच्या मराठी वाचकाला आणखी एक नाव येथे भेटते: जयंत नारळीकरांच्या लेखनामुळे आपल्या परिचयाचा झालेला जो स्थिर स्थितीचा सिद्धान्त, त्याच्या तीन मूळ जनकांपैकी टॉमस गोल्ड हे १९५९ पासून येथे होते, आणि कार्ल सेगन यांना १९६८ साली येथे आणण्यात त्यांचाच पुढाकार होता.

चढण संपून पठारावर आले की कानावर घंटा पडतात. मॅग्रॉ मनोरा १७३ फूट उंच आहे, त्याला १६१ पायऱ्या आहेत आणि वर २१ घंटा टांगलेल्या आहेत. त्यांपैकी पहिल्या नऊ जेनी मॅग्रॉ या तरुणीने दिल्या आणि ७ ऑक्टोबर १८६८ रोजी विद्यापीठ उघडले त्या दिवशी त्या प्रथम वाजल्या. या घंटांवरची गाणी यंत्राने वाजत नाहीत. सत्र चालू असताना दिवसातून तीन वेळा वाजविणारा विद्यार्थी वर चढतो आणि लाकडी दांड्यांच्या एका चौकटीपुढे उभा राहतो. हातांनी वरच्या दांड्या दाबायच्या, खालच्या पायांनी, आणि प्रत्येक दांडीला जोडलेली तार वरच्या घंटेचा लोलक ओढते. वादनाच्या वेळी पाहुण्यांना वर जाता येते. ज्याला दोन्ही हात आणि एक पाय एकाच वेळी निरनिराळ्या दांड्यांवर टाकून एका पायावर तोल सावरावा लागतो, त्या वादकाच्या अगदी शेजारी उभे राहून ते पाहावे. संगीत हे शरीराचे किती श्रमाचे काम आहे याचा असा प्रत्यय मला अन्यत्र क्वचितच आला.

विज्ञानात रस असणाऱ्याने यापुढे सरोवरकाठच्या एका साध्या इमारतीची माहिती अवश्य करून घ्यावी. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, म्हणून खोल सरोवराच्या तळाशी भर उन्हाळ्यातही जवळजवळ त्याच तापमानाचे पाणी असते. २००० सालापासून विद्यापीठ सुमारे २५० फूट खोलीवरून ते पाणी नळाने काठावर आणते. तेथे धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने सरोवराचे गार पाणी आणि दुसऱ्या बाजूने टेकडीवरून आलेले कोमट पाणी वाहते. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाही, फक्त उष्णता पत्र्यातून पलीकडे जाते. थंड झालेले पाणी पुन्हा चारशे फूट वर चढून प्रयोगशाळा व ग्रंथालये गार करते आणि सरोवराचे पाणी सरोवराकडे परत जाते. शीतयंत्रांच्या मानाने विजेचा खर्च एका लहान अंशावर येतो. परत जाणाऱ्या पाण्यातील फॉस्फरसमुळे उथळ भागात शेवाळ वाढेल काय, यावर गावकऱ्यांनी बराच वाद घातला, आणि तो घातला हे चांगलेच झाले; ज्या तळ्याच्या काठी आपण राहतो त्याच्या पाण्याची अशी विचारपूस व्हावयासच हवी. दक्षिणेकडचे पाणी उथळ आहे, आणि उन्हाळ्यात विषारी नील-हरित शेवाळाचा उपद्रव आता सरोवरास होतोच. खोल पाण्याचा दुसरा गुण म्हणजे ते उन्हाळ्याची ऊब साठवून हिवाळ्यात हळूहळू सोडते. म्हणून सरोवर सहसा पूर्ण गोठत नाही, आणि काठच्या उतारांवर द्राक्षांचे मळे तग धरतात.

गावाबाहेरच्या सहलींपैकी टॉगॅनॉक धबधब्यास मी पहिला मान देईन. त्याची सरळ उडी २१५ फुटांची, म्हणजे नायगाऱ्याहून ३३ फूट अधिक. पाणी मात्र थोडे, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तर एक पांढरा पदर तेवढा उरतो. सरोवराच्या काठापासून धबधब्यापर्यंत सव्वा किलोमीटरची सपाट वाट आहे, म्हणून वृद्धांनाही ती झेपते. पण ही सव्वा किलोमीटरची वाट म्हणजे धबधब्याने आजवर मागे हटत कापलेले अंतर होय. बर्फ गेले तेव्हा तो सरोवराच्या काठाशीच पडत होता. हे ठाऊक असले म्हणजे त्या वाटेवरचे प्रत्येक पाऊल कित्येक वर्षांचे होते. गावातून येथवर ‘ब्लॅक डायमंड ट्रेल’ नावाचा सुमारे साडेतेरा किलोमीटरचा मार्गही येतो. लीहाय व्हॅली रेल्वेचे रूळ उखडल्यावर उरलेल्या भरावावर तो केलेला असल्याने चढण सौम्य आहे, आणि सायकलीसाठी तर तो उत्तमच. नाव त्या रेल्वेच्या एका जलद गाडीचे, आणि गाडीचे नाव पेन्सिल्व्हेनियाच्या दगडी कोळशावरून पडलेले.

दक्षिणेकडे बटरमिल्क आणि ट्रीमन ही दोन उद्याने आहेत. ट्रीमन उद्यानातील ल्यूसिफर धबधबा ११५ फुटांचा. त्याच्या बाजूने कड्यावर चढणाऱ्या दगडी पायऱ्या दोनशेहून अधिक आहेत. १९३० नंतरच्या महामंदीत, आपल्याकडे जशी दुष्काळी कामे निघत, तशी तेथील केंद्रसरकारने बेकार तरुणांची पथके काढली, आणि या घळींतील कितीतरी पायऱ्या, कठडे आणि लहान पूल त्या पथकांच्या हातचे आहेत. दगड तेथलाच, थर तेथलेच, म्हणून पायरी कोठे संपते आणि कातळ कोठे सुरू होतो हे एकदम ओळखू येत नाही. बटरमिल्कच्या वरच्या घळीत रांजणखळगे पाहावयास मिळतात. निघोजला कुकडीच्या पात्रात ते ज्याने पाहिले असतील, त्याला भोवऱ्यात सापडलेल्या गोट्यांची ही करामत समजावून सांगण्याची गरज नाही. फरक एवढाच, की तेथे बेसाल्टशी झुंज आहे आणि येथे खडक मऊ आहे.

पोहण्याच्या बाबतीत मात्र नियम कडक आहेत आणि ते तंतोतंत पाळावेत. बटरमिल्क आणि ट्रीमन येथे धबधब्याच्या पायथ्याच्या डोहात, तसेच टॉगॅनॉकच्या सरोवरकाठी, रक्षक हजर असताना उन्हाळ्यात पोहता येते. गावातील घळींत पोहण्यास बंदी आहे. वरून पाणी आरशासारखे दिसते; पण धबधब्याखाली ते माणसाला आत ओढून धरते, कडेचा शेल हाताखाली मोडतो, आणि येथे पट्टीचे पोहणारे तरुणही बुडालेले आहेत. हिवाळ्यात कड्यांवर बर्फाचे सुळके धरतात आणि भेगांतील पाणी गोठून दगड सुटू लागतात, म्हणून घळींच्या वाटा बंद करतात. पावलांनी सर्व पाहावयाचे असेल तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ धरावा, आणि त्यातही मॅपलची पाने लाल होतात ते ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे मिळाले तर ते सोडू नयेत.

सपाटीवर उतरल्यावर सरोवरालगतच्या स्ट्यूअर्ट उद्यानात संध्याकाळी जावे. १९१४ नंतरची काही वर्षे येथे मूकपटांचा कारखाना होता, आणि गावातील पूल व घळी वापरून साहसी चित्रमालिका काढल्या जात. पुढे १९२९ च्या मे महिन्यात पक्षिशास्त्राचे प्राध्यापक आर्थर ॲलन आणि पीटर पॉल केलॉग यांनी बोलपटासाठी तयार झालेले ध्वनिमुद्रणयंत्र याच उद्यानात लावले आणि साँग स्पॅरो, हाउस रेन व रोझ-ब्रेस्टेड ग्रोसबीक या पक्ष्यांची गाणी नोंदविली. अमेरिकेत रानपक्ष्यांच्या आवाजाचे ते पहिले मुद्रण. मुक्या चित्रांच्या जागीच पाखरांना यंत्राचा कान मिळाला. ॲलन यांनी १९१५ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगशाळेचे मुख्यालय गावाच्या ईशान्येस सॅपसकर वुड्स या अरण्यात आहे; प्रवेशद्वारातल्या भल्यामोठ्या काचेतून तळ्यावरची बदके आणि बगळे दिसतात. २००२ साली या संस्थेने ‘ईबर्ड’ ही नोंदवही सुरू केली. भिगवणला रोहित मोजणारा किंवा नांदूर-मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावर पहाटे दुर्बीण घेऊन बसणारा आपल्याकडचा पक्षिनिरीक्षक आज आपली यादी फोनवर भरतो, ती याच नोंदवहीत जाते. आपण नोंदविलेल्या चित्रबलाकाच्या आकड्यांचा ठाव ज्यांना पाहावयाचा असेल, त्यांनी या अरण्यातील पायवाटांवर एक सकाळ घालवावी. वाटा सपाट आणि लहान मुलांनाही चालण्याजोग्या आहेत.

मुले बरोबर असतील तर बाजारपेठेतील ‘कॉमन्स’ या मोटारबंदीच्या चौकातून ग्रहांची वाट धरावी. कार्ल सेगन १९९६ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ पुढच्याच वर्षी सूर्यमालेची ही प्रतिकृती पाचशे कोटी पटींनी लहान करून रस्त्यांवर मांडण्यात आली. चौकातल्या दगडी स्तंभात सूर्याचे वर्तुळ वीतभराहून थोडे मोठे. तेथून ३० मीटर चालले की बाजरीच्या दाण्याएवढी पृथ्वी. आणि प्लूटो सुमारे १,२०० मीटर दूर, मुलांच्या विज्ञानकेंद्रापाशी. मधले अंतर जवळजवळ सगळे रिकामे आहे, ही गोष्ट पुस्तकात वाचून ध्यानात येत नाही, पाय दुखू लागले की येते.

शनिवार असेल तर दिवसाचा शेवट शेतकऱ्यांच्या बाजारात करावा. खाडीसारख्या ‘इनलेट’च्या काठी, जुन्या आगबोटींच्या धक्क्यावर, लाकडी खांबांचा एक लांबच लांब मांडव आहे, आणि ३० मैलांच्या परिघात जे पिकले किंवा घडले तेवढेच तेथे विकावे असा बाजाराचा दंडक आहे. सप्टेंबरात सफरचंदांच्या पेट्या लागतात. त्यांत एम्पायर नावाची गडद तांबडी जात दिसली तर जरूर घ्यावी. विद्यापीठाच्याच जिनीव्हा येथील केंद्राने ती १९६६ साली बागाइतदारांना दिली, आणि दात लावताच तिचा जो कडाडा होतो तो दोन हात अंतरावरच्या माणसालाही ऐकू जातो. सफरचंद हातात घेऊन धक्क्याच्या फळ्यांवर पाय सोडून बसावे. समोरून विद्यार्थ्यांच्या लांब, अरुंद होड्या वल्ह्यांच्या एका ठेक्यात जात असतात. शेजारीच एक ओढा येऊन पाण्याला मिळतो, आणि विचारले तर सांगतात की हाच कॅस्केडिला, ज्याच्या काठाने आपण सकाळी चढलो. आदल्या रात्री पाऊस झालेला असेल तर त्याचे पाणी गढूळ, राखाडी असते. चिमूटभर गाळ बोटांत चोळून पाहिला तर सकाळी भिंतीवर नखाने खरवडलेल्या शेलचाच तो चुरा. हे सारे सपाट गाव, बाजारपेठ आणि हा मांडवसुद्धा अशाच गाळावर उभा आहे, आणि इनलेटचा मार्ग भरून येऊ नये म्हणून त्याचा उपसा करावा लागतो.